चेकाळलेलं पिल्लू आणि पार्किंगमधल्या आठ स्कूटर

संक्रांतीनंतरचे दिवस होते. आमच्या मजल्यावरच्या काकू काळी चंद्रकळा नेसून हळदीकुंकवाला निघाल्या होत्या. लिफ्टचं दार उघडलं तर आत मी आणि बुंदी. चार महिन्यांची, 13 किलोंची लॅब्रॅडॉर. मी पट्टा आवळेपर्यंत तिचे पुढचे दोन्ही पाय काकूंच्या निऱ्यांवर होते, आणि हे पाय पाचच मिनिटांपूर्वी बागेतल्या नळाखालच्या चिखलात होते. काकू रागावल्या नाहीत. "असू दे गं," एवढंच म्हणाल्या आणि साडी बदलायला परत घरात गेल्या. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी मी जे जे केलं ते सगळं चुकलं. तिच्यावर ओरडले, मग अपराधी वाटून कुरवाळलं, आणि मग "हिला दमवायला हवं" म्हणून पाऊण तास चेंडू फेकला. रात्री नऊ वाजता ती सोफ्याचा कोपरा फाडत होती आणि मी रडकुंडीला आले होते.

पिल्लू नवं असताना जवळजवळ प्रत्येक घरात हेच होतं, म्हणून हे लिहिते आहे. पिल्लू एकदा चेकाळलं की त्या क्षणी करण्यासारखं फारसं काही उरत नाही. बहुतेक काम त्याच्या आधी करायचं असतं: त्याच्या झोपेवर, आपण उभं कुठे राहतो त्यावर, आणि सगळ्यात अवघड म्हणजे भेटायला येणाऱ्या माणसांवर.

उड्या कुठून येतात

लहान पिल्लं मोठ्या कुत्र्यांचं स्वागत त्यांच्या तोंडाचे कोपरे चाटून करतात. माणसाचं तोंड पाच फूट वर असतं, तिथे पोचायचं तर उडी मारावी लागते. म्हणजे सुरुवातीला उडी हा निव्वळ नमस्कार असतो. पुढचं आपण शिकवतो. दोन महिन्यांचं पिल्लू पायावर चढलं की आपण वाकतो, उचलतो, "अले अले कोण आलंय" करतो. तेच पिल्लू पाच महिन्यांचं होऊन तसंच चढलं की ओरडतो. नियम आपण बदलला, पण पिल्लाला कुणी कळवलंच नाही.

ओरडणं, हाताने ढकलणं, "नको नको" म्हणत मागे सरकणं हे आपल्याला नकार वाटतं. पिल्लाच्या लेखी ती मस्ती असते. आपण त्याच्याकडे बघतो, बोलतो, हात लावतो, त्याला आणखी काय हवं?

आणि एक. प्रत्येक धडपड आनंदाचीच असते असं नाही. काही पिल्लं घाबरूनही उड्या मारतात, भुंकतात, पट्ट्याला हिसके देतात. अंग सैल, शेपटी कमरेसकट हलतेय, डोळे मऊ, तर आनंद. अंग ताठ, शेपटी पोटाखाली, सारखी जीभ नाकावर फिरतेय, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसतोय, तर भीती. घाबरलेल्या पिल्लाला "जा, ओळख करून घे" म्हणून पुढे ढकलू नका. त्याला आधी लांब न्या.

पहिली पायरी: झोपू द्या

तीन-चार महिन्यांच्या पिल्लाला दिवसाकाठी 18 ते 20 तास झोप लागते. हा आकडा मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा हसले होते, कारण बुंदी जेमतेम 12-13 तास झोपत होती. घरात सतत कुणीतरी ये-जा करणारं, टीव्ही चालू, शाळेतून आलेली मुलं, आणि ती प्रत्येक आवाजाला उठून दाराशी. संध्याकाळी सातच्या सुमाराला तिच्या अंगात वारं शिरायचं: गाद्यांवरून उड्या, पडद्याला लोंबकळणं, पायाच्या घोट्याला चावणं. आम्ही समजायचो की शक्ती फार आहे. होतं उलटं. झोपेला आलेलं तान्हं मूल जसं किरकिरतं, तसं झोपेला आलेलं पिल्लू उधळतं.

तासभर जागं, मग दोन तास झोप, असा साधारण हिशोब धरा. झोपायची जागा वर्दळीपासून बाजूला हवी. पिंजरा किंवा कुंपण असेल तर उत्तम, नसेल तर बेडरूमचं दार लोटून घ्या. सुरुवातीला तुम्हीही तिथेच पुस्तक घेऊन बसा, म्हणजे ती शिक्षा वाटत नाही. आम्ही सतरंजी टाकली, पंखा लावला आणि खिडकीला जुनी चादर अडकवली. चौथ्या दिवशी संध्याकाळचं वारं निम्म्यावर आलं, बाकी काहीही न शिकवता.

"दमवलं की शांत होईल" हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. तो अर्धाच खरा आहे. चेंडूमागे तासभर धावून पिल्लू दमतं खरं, पण डोकं तापलेलंच राहतं, आणि महिन्याभरात तुमच्या घरात एक धावपटू तयार होतो ज्याला दीड तास लागतो. त्याऐवजी हुंगणं, चाटणं आणि चावणं, ही तीन कामं द्या. जुन्या टॉवेलमध्ये त्याच्याच जेवणातले दाणे टाकून टॉवेल गुंडाळा आणि शोधू द्या. स्टीलच्या ताटलीत चमचाभर बिनसाखरेचं दही पसरून फ्रीझरमध्ये ठेवा आणि ते चाटू द्या. बाहेर फिरायला नेलं की दर दहा पावलांना थांबून हुंगू द्या. घाई तुम्हाला असते, त्याला नसते.

दुसरी पायरी: हातात काय हवं

दीड ते दोन मीटरचा साधा पट्टा घ्या. बटण दाबलं की दोरी सुटणारे आणि गुंडाळणारे पट्टे या कामाला निरुपयोगी आहेत. त्यात दोरी कायम ताणलेली राहते आणि ऐन वेळी पिल्लू पाच मीटरवर असतं. गळपट्ट्यावर नाव आणि फोन नंबर असू द्या, पण पट्टा अडकवायला अंगात घालायचा हार्नेस घ्या, शक्यतो छातीशी कडी असलेला. ओढलं की पिल्लू आपोआप आपल्या बाजूला वळतं. गळा आवळणाऱ्या साखळ्या आणि आतून टोकं असलेले पट्टे दुकानदार कौतुकाने दाखवतो, ते घेऊ नका. दुसरं कुत्रं दिसलं की गळ्याला टोचतं, एवढंच पिल्लू त्यातून शिकतं, आणि मग ते दुसऱ्या कुत्र्याचाच राग करायला लागतं.

कमरेला खाऊची छोटी थैली. तुकडे हरभऱ्याच्या डाळीएवढे, मऊ, दोन सेकंदांत गिळता येतील असे: मीठ-मसाला न घालता उकडलेलं चिकन, पनीर, घरातल्या सरावाला गाजर किंवा काकडी चालते. रोजच्या जेवणातून तेवढं कमी करा, नाहीतर लॅब्रॅडॉरचं पिंप व्हायला वेळ लागत नाही. द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि कांदा कुत्र्यांना विषारी आहेत. "एवढ्याशाने काय होतंय" म्हणणाऱ्या पाहुण्याच्या हाताकडेही लक्ष ठेवा.

तिसरी पायरी: सतरंजी

रस्त्यावर शांत राहायला शिकवायचं तर ते आधी घरात, काहीही घडत नसताना शिकवावं लागतं. एक सतरंजीचा तुकडा किंवा स्वच्छ गोणपाट घ्या, जो फक्त या कामासाठी काढायचा.

जमिनीवर पसरा आणि काही न बोलता शेजारी बसा. पिल्लाने त्यावर पाय ठेवला की खाऊचा तुकडा सतरंजीवर ठेवा. तोंडात देऊ नका. हा फरक बारीक आहे पण सगळी गंमत त्यातच आहे: खाऊ हातातून येतो हे कळलं की पिल्लू हाताकडे झेपावतं, खाऊ खालून येतो हे कळलं की डोकं खाली जातं. डोकं खाली गेलेलं पिल्लू उडी मारू शकत नाही. बसलं, पुन्हा एक तुकडा. कोपरं टेकली, दोन तुकडे. एका कुल्ल्यावर कलंडलं, म्हणजे आता उठायचा विचार नाही, तर सावकाश तीन-चार, एकामागून एक. आवाज चढवून "गुड गर्ल!" करू नका, आपलाच सूर त्याला पुन्हा उचलतो. मी "छान" म्हणते, आजी नातवाला थोपटताना म्हणते तसं, लांबवून.

एका वेळी तीन मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. मग सतरंजी गुंडाळून ठेवायची. आठवड्याभरात सतरंजी काढली की बुंदी आधीच त्या जागी जाऊन बसायला लागली. त्यानंतर तिच सतरंजी जिन्याच्या चौकात नेली, मग पार्किंगमध्ये, मग बागेतल्या बाकाखाली.

याच दिवसांत नावाचा सराव. नाव एकदाच घ्यायचं. वळून बघितलं की तुकडा. नाही बघितलं तर पुन्हा पुन्हा हाका मारू नका. पन्नास वेळा "बुंदी, बुंदी, ए बुंदी" ऐकलं की ते नाव राहत नाही, पंख्याचा आवाज होतं.

चौथी पायरी: दारावरची बेल

आता माणसं. आपल्याकडे सेफ्टी डोअर असतं, ही या बाबतीत फार मोठी सोय आहे. पाहुणे बाहेर, जाळीचं दार बंद, पिल्लू पट्ट्याला आत. आधी घरातल्याच कुणाला तरी दहा वेळा बाहेर पाठवून बेल वाजवायला लावा. दहाव्या वेळी तुम्हालाही बेलचा कंटाळा येतो आणि पिल्लालाही.

खरा पाहुणा येतो तेव्हा क्रम असा:

1. बेल वाजली की आधी पिल्लाला पट्टा, मग सतरंजी, मग दार. उलटा क्रम एकदाही नको.
2. पाहुण्यांना जाळीतूनच सांगा: "काका, आत आलात की तिच्याकडे बघू नका, बोलू नका, सरळ सोफ्यावर बसा. दोन मिनिटांनी मीच सोडते."
3. पाहुणे बसले की पिल्लाला सैल पट्ट्याने जवळ न्या. चारही पाय जमिनीवर असतील तोवर पाहुण्याने छातीला किंवा खांद्याला हळू खाजवायचं. डोक्यावरून हात आणायचा नाही.
4. पुढचे पाय उचलले, की पाहुण्याचा हात बंद आणि तोंड दुसरीकडे. तुम्ही दोन पावलं मागे. पाय टेकले की पुन्हा जवळ.
5. असं तीनदा झालं आणि पाय टेकतच नाहीत, तर आज भेट इथेच संपली. आतल्या खोलीत चाटायची ताटली द्या.

वाचायला सोपं आहे. दुसऱ्या पायरीवर सगळं अडतं, कारण पाहुणे म्हणतात, "अहो असू दे, आम्हाला आवडतात कुत्री!" आणि वाकून दोन्ही हात पसरतात. एवढ्या एका वाक्याने आठवड्याची मेहनत पाण्यात जाते. दहा वेळा उडी मारून एकदा जरी लाड झाले तरी पिल्लू ती एक वेळ लक्षात ठेवतं आणि पुढच्या वीस वेळा नशीब आजमावतं, लॉटरीचं तिकीट घेणाऱ्यासारखं. म्हणून थोडं वाईट व्हावं लागतं. मी एक युक्ती शोधली: "आवडतात ना, मग मला शिकवायला मदत करता का?" म्हणून त्यांच्याच हातात तीन तुकडे ठेवते. नुसत्या "करू नका"पेक्षा माणसाला काम दिलं की तो ऐकतो. आमच्या घरातले आजोबा मात्र शेवटपर्यंत चोरून लाड करत राहिले. तिला ते बरोबर कळलं: आजोबांच्या अंगावर चढायचं, बाकीच्यांच्या नाही. कुत्रं माणसागणिक नियम शिकतं, हेही त्यातून आम्हाला समजलं.

मधे एक दिवस असा येईल की उड्या कमी होत होत्या त्या एकदम दुप्पट होतील. हार मानू नका. कालपर्यंत चालणारी लिफ्ट आज आली नाही की आपणही बटण पाच वेळा जोरात दाबतो, त्यातलाच तो प्रकार. नेमक्या त्या दिवशी वैतागून लाड केलेत तर "आणखी जोरात उडी मारायची असते" असा धडा पक्का होईल.

मुलांसाठी वेगळा नियम. मुलं किंचाळतात, पळतात, हात वर करतात. पिल्लाला ती आपल्याच जातीची वाटतात. त्यांना "झाड हो" शिकवा: हात पोटाशी घडी, पाय स्थिर, नजर जमिनीवर. झाडाशी खेळण्यात मजा नसते. आणि मोठं माणूस पट्टा धरून समोर असल्याशिवाय मुलं आणि पिल्लू एकत्र नकोत. चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडायला लागतात, सहा-सात महिन्यांपर्यंत ते चालतं, त्या काळात हिरड्या शिवशिवतात आणि दात कुठेही लागतो. कातडी फाटली किंवा ओरखडा उमटला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पिल्लू घरचं आहे, गोंडस आहे, एक लस झाली आहे, ही रेबीजच्या बाबतीत थांबायची कारणं नव्हेत.

लिफ्टबद्दल थोडक्यात: सहा महिने मी तिला गर्दीच्या वेळी जिन्यानेच न्यायचे, अगदी लहान असताना उचलून. लिफ्टमध्ये जायचंच तर कोपऱ्यात उभं राहून तिला भिंतीच्या बाजूला घ्या, स्वतः मधे उभे राहा आणि दार उघडण्याआधी जमिनीवर चार दाणे टाका. बाहेर कुणी उभं असेल तर "तुम्ही जा, आम्ही पुढच्या वेळी". भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांना लिफ्ट बंद करता येत नाही. ते बरोबरच आहे. पण कुत्र्याला घाबरणारा माणूसही त्याच लिफ्टचा मेंटेनन्स भरतो.

पाचवी पायरी: स्कूटर मोजा

आमच्या वॉचमनकाकांच्या खोलीबाहेर काळू झोपतो. सोसायटीचा जुना कुत्रा, तोंड पांढरं झालेलं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बुंदीला तो दिसला की ती मागच्या दोन पायांवर उभी राहून घशातून विचित्र किंकाळी काढायची. आम्ही तिला जवळ नेऊन "बघ, काळूदादा" करायचो आणि ती आणखी पेटायची.

मग एका सकाळी सहा वाजता, पार्किंगमध्ये गर्दी नसताना, मी उलटं सुरू केलं. काळूपासून किती लांब गेलं की ही खाऊ घेते? त्या रांगेत स्कूटर लावलेल्या असतात, म्हणून स्कूटर मोजल्या. तीन स्कूटरवर खाऊकडे ढुंकूनही बघत नव्हती. पाचवर खाऊ घेतला, पण बोटांना दात लागले. आठव्या स्कूटरपाशी तिने काळूकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि तुकडा ओठांनी घेतला. झालं, आमची सुरुवात आठव्या स्कूटरपासून.

खाऊ हा असा तापमापक आहे. ओठांनी घेतला तर डोकं थंड आहे. दातांनी खेचला तर पारा चढतोय. घेतलाच नाही तर आपण फार जवळ आहोत, त्या जागी काहीही शिकवून उपयोग नाही, मुकाट्याने मागे फिरा. आणखी खुणा दिसतात: उघडं तोंड मिटतं, कान पुढे येतात, वजन पुढच्या पायांवर जातं. मग एक सेकंद सगळं थांबतं. उडी त्या सेकंदानंतर येते.

आपल्या जागेवर उभं राहायचं, पट्टा सैल. पिल्लाने दुसऱ्या कुत्र्याकडे बघितलं की "छान" आणि तुकडा पायाशी. पुन्हा बघितलं, पुन्हा तुकडा. बघितल्याबद्दल खाऊ देताय, हे विचित्र वाटेल. पण दहा-बारा वेळा झालं की एक गंमत होते: पिल्लू कुत्र्याकडे बघतं आणि स्वतःहून मान वळवून तुमच्याकडे बघतं, "कुठाय?" म्हणून. ही वळलेली मान मिळेपर्यंत पुढे सरकायचं नाही. मिळाली की एक स्कूटर पुढे. एका दिवशी पाच मिनिटंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक स्कूटर मागून सुरू करा. आम्हाला आठवरून चारवर यायला पाच आठवडे लागले, त्यात एकदा काळूच उठून आमच्याकडे चालत आला आणि आम्ही परत सहावर गेलो.

पट्टा ताणला की पिल्लाची मान वर होते, छाती पुढे येते, आणि समोरच्या कुत्र्याला ते आव्हान दिसतं. म्हणून हात ढिला ठेवा, जागा बदला. समोरून कुत्रं येत असेल तर सरळ तोंडावर जाऊ नका, कमान घेऊन जा. कुत्री आपापसात सभ्यपणे भेटतात तेव्हा अशीच वळसा घालून येतात.

भेट घडवायची तर

प्रत्येक कुत्र्याला भेटलंच पाहिजे असं नाही. बागेत दहा कुत्री दिसली तर त्यातल्या नवांना नुसतं बघून पुढे जायचं, एखाद्याशी भेट. हे प्रमाण उलटं झालं की प्रत्येक कुत्रं म्हणजे जत्रा असं पिल्लू धरून चालतं, आणि जत्रेला जाऊ दिलं नाही की रडारड.

भेटीसाठी दुसरं पिल्लू शोधू नका, दोन चेकाळलेली पिल्लं एकमेकांना काही शिकवत नाहीत. शांत, मोठं, लस झालेलं कुत्रं बघा. मालकाला लांबूनच विचारा. दोन्ही पट्टे सैल ठेवून हुंगू द्या, मनात एक-दोन-तीन म्हणा, आणि आनंदी आवाजात बोलावून बाजूला घ्या. आलं की खाऊ. मग हवं तर पुन्हा तीन सेकंद. ताठर होण्याआधीच भेट तुटते, आणि बोलावलं की यायचं हेही त्यातच शिकून होतं.

मोकळं खेळत असतील तर बघा की पाळी बदलते का: कधी हा वर, कधी तो; कधी हा पळतो, कधी तो. मधे मधे अंग झटकतात, पुढचे पाय वाकवून पार्श्वभाग वर करतात, तर खेळ ठीक चाललाय. एकच पिल्लू सतत वर आणि दुसरं सतत सुटायला बघतंय असं वाटलं तर वरच्याला धरा. खालचं परत खेळायला आलं तर खेळ होता. निघून गेलं तर खेळ नव्हता.

गल्लीतल्या कुत्र्यांचं गणित वेगळं. गल्ली त्यांची असते, आपण त्यांच्या दारातून जात असतो. एका कानाला काप दिसला तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली आहे, त्या वेळी रेबीजची लसही दिलेली असते; पण म्हणून ते तुमच्या पिल्लाचं मित्र झालं असं नाही. रात्री उशिरा, किंवा कुणी खायला घालत असताना, तिकडून जाऊ नका. एखादं अंगावर येतंय असं वाटलं तर पळू नका. पिल्लाला आपल्या मागे घ्या, खाऊची मूठ त्या कुत्र्याच्या दिशेने जमिनीवर फेका आणि तिरकं चालत निघून जा. माझ्या थैलीत यासाठी एक वेगळी मूठ कायम असते.

पारा चढलाच तर

चढणारच. फटाके, लग्नाची वरात, मांजर, दारातच उभा राहिलेला डिलिव्हरीवाला, सगळं आपल्या हातात नसतं. अशा वेळी शिकवायचं सोडा, फक्त निघून जायचं बघा. मूठभर दाणे गवतात पसरा. नाक खाली गेलं की पिल्लू निवळायला लागतं. दाणे दिसतच नसतील तर वळा आणि चालू लागा. जायला जागाच नसेल तर पट्ट्यावर पाय ठेवून उभे राहा, पिल्लाला उभं राहता, बसता येईल एवढा ढिला, पण उडी मारता येणार नाही एवढा आखूड. काही बोलू नका. घरी गेल्यावर झोप.

कुणीतरी हमखास सांगेल की छातीत गुडघा मारा, किंवा उताणं पाडून दाबून धरा, "मालक कोण ते कळू द्या". हे खूळ लांडग्यांवरून आलं. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या मारामाऱ्या बघून 1947 साली जे मांडलं, त्यावर पुढे "अल्फा"ची, म्हणजे मारामारी करून कळपाचा म्होरक्या होण्याच्या कल्पनेची, सगळी इमारत उभी राहिली. ती कल्पना लोकांपर्यंत नेणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच 1999 साली लिहिलं की मोकळ्या रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पिल्लं, सिंहासनासाठीची लढाई तिथे नसते. तुमच्या 13 किलोंच्या पिल्लालाही सोफा हवा असतो, राज्य नव्हे.

गुरगुरणं, दात दाखवणं, एकटक ताठ नजर, किंवा माणूस जवळ आला की लपणं, हे चेकाळणं नाही. त्यासाठी आधी व्हेट, कारण कान दुखतानाही कुत्रं असं वागतं, आणि मग मारझोड न करणारा ट्रेनर. पहिल्याच भेटीत साखळी बाहेर काढणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

लस पूर्ण झाली नसेल तर

तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत पिल्लाचं डोकं नव्या गोष्टी सगळ्यात सहज स्वीकारतं, आणि नेमके तेच लसींचे आठवडे असतात. पार्व्होची, म्हणजे पिल्लांचा जीव घेऊ शकणाऱ्या विषाणूच्या आजाराची, भीती खरी आहे, म्हणून अनोळखी कुत्री फिरतात त्या जमिनीवर पाय नको. पण पूर्ण कोंडूनही ठेवू नका. अमेरिकन व्हेटरनरी सोसायटी ऑफ ॲनिमल बिहेवियर या संघटनेने 2008 सालीच सांगितलंय की सगळ्या लसी संपेपर्यंत वाट बघत बसू नये. पिल्लाला कडेवर किंवा टोपलीत घेऊन सोसायटीच्या गेटपाशी बसा. दूधवाला, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकणारे आजोबा, भोंगा वाजवणारा भंगारवाला. बघितलं की तुकडा. कुणाला हात लावू द्यायची गरज नाही. लसींचं वेळापत्रक तुमचे डॉक्टर सांगतील तेच.

सहा महिन्यांनंतर एकदा सगळं विसरल्यासारखं होतं. वयात येणारं कुत्रं आहे ते, दीड वर्षापर्यंत हे अधूनमधून चालतं. आम्ही सातव्या महिन्यात पुन्हा आठव्या स्कूटरवर गेलो होतो. या वेळी खाली यायला दहा दिवस पुरले.

बुंदी आता दोन वर्षांची आहे. लिफ्टपाशी काकू दिसल्या की ती बसते, सगळं अंग थरथरत असतं पण कुल्ले जमिनीला चिकटलेले. काकू चंद्रकळेतही वाकून तिला खाजवतात, मी मात्र अजून पट्ट्यावर पाय ठेवते. काळूपासून आम्ही दोन स्कूटरवर थांबलो आहोत. बुंदीची आणखी जवळ जायची तयारी आहे, पण काळूला ते आवडत नाही.